बटण मायच्या हातात

आबांना लकवा झाला तो पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. उजवा हात, उजवा पाय आणि अर्धं तोंड गेलं. अंबाजोगाईच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून आम्ही त्यांना नांदूरघाटला घरी आणलं आणि पुढच्या खोलीतल्या लोखंडी पलंगावर टाकलं. टाकलं हाच शब्द खरा आहे. चार माणसांनी चादरीत धरून आणलेला तो देह पलंगावर पडला, मान एका बाजूला कलली, आणि शेजारी उभ्या असलेल्या मायनं ती सरळ केली नाही. मी केली. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

आबा ऊसतोडीचे मुकादम होते. दसरा झाला की गावातली आणि आसपासच्या वाड्यांतली माणसं ट्रॅक्टरमध्ये भरून खाली कारखान्याच्या भागात न्यायची, पाच-सहा महिने त्यांच्याकडून ऊस तोडून घ्यायचा आणि उन्हाळ्यात परत आणायची, असं ते काम. बाहेर ते कुणावर फारसा हात उचलत नसत. मारणं घरासाठी होतं, मायसाठी. टोळीसाठी त्यांची रीत वेगळी होती. कुणी उशिरा उठलं, कुणी तापानं पडून उसाच्या फडात आलं नाही, की आबा त्याला सगळ्यांपुढं उभं करायचे आणि म्हणवून घ्यायचे. "म्हण, मालक चुकलो." तो म्हणायचा. "ऐकू आलं न्हाई. म्हण." त्यांचं मन भरेपर्यंत हे चालायचं.

ही रीत माझ्याही वाट्याला आली होती. आयटीआय करून मी घरी आलो तेव्हा टोळीत जाणार नाही, दुरुस्तीचं दुकान काढणार, असं सांगितलं. भंगारातून आणलेला एक टेप मी दुरुस्त केला होता. निघायच्या दिवशी अंगणात सगळी टोळी जमलेली असताना आबांनी तो टेप माझ्या दोन्ही हातांत दिला, मला मधोमध उभं केलं आणि म्हणाले, "म्हण, मी बिनकामाचा हाय." मी पाच वेळा म्हणालो. पाचव्या वेळेला बायकाही हसल्या. त्यानंतर मी केजला दुकान टाकलं, ते चाललं, लग्न झालं. आबांनी त्या दिवसाचा विषय पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.

लकवा झाल्यावर त्यांचं बोलणं घोळदार झालं. "पाणी" म्हणायला त्यांना तीनदा तोंड उघडावं लागायचं. शिव्या मात्र साफ यायच्या. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. विडीही सुटली नाही. भेटायला येणारं कुणीतरी पेटवून ओठांत द्यायचं. दिवाळीनंतर एका दुपारी असाच एकजण विडी देऊन निघून गेला. माय मागच्या दारी धुणं धूत होती. विडी गोधडीवर पडली, गोधडी धुमसली आणि आबांचा उजवा पाय पोटरीपर्यंत भाजला. पायाला जाणीव नव्हती, त्यामुळं जळतंय हे त्यांना वासावरून कळलं. ते ओरडले तेव्हा माय धुण्याची बादली घेऊन आली आणि गोधडीवर ओतली. आबांच्या तोंडावरही पडलं.

"आजपसून इडी बंद," ती म्हणाली.

मग आबा ओरडायला लागले. आठ-दहा दिवस घरात दुसरं काही ऐकूच आलं नाही. माझी बायको कानात बोळे घालून भाकरी करायची. पुण्याला गाडी चालवणारा माझा आतेभाऊ तेव्हा भेटायला आला आणि त्यानं खिशातून पेनासारखी एक नळी काढली. "बंदी हाय ह्याच्यावर, पण मिळतंय. धूर निघतो, जाळ न्हाई. मामाला दे." इलेक्ट्रॉनिक सिगारेट मी मोबाईलवर पाहिली होती, हातात पहिल्यांदाच घेतली. आबांनी पहिला झुरका ओढला आणि ते खोकत राहिले. दुसरा ओढला आणि गप्प झाले. खोलीभर पिकल्या आंब्याचा वास पसरला. आबा म्हणाले, "बायकांचा वास हाय बे ह्याला." पण नळी सोडली नाही.

ते ती सोडायचेच नाहीत, हीच अडचण झाली. बॅटरी दोन तासांत संपायची, चार्जिंगला लावली की पुन्हा ओरडा सुरू. महिन्याभरात बॅटरी फुगली. मी नळी दुकानात नेऊन उघडली. आत फार काही नसतं. एक बॅटरी, तारेचं बारीक वेटोळं, त्यात निकोटीनच्या रसात भिजलेला कापूस. वेटोळं तापलं की रसाचा धूर होतो. फुगलेली बॅटरी काढून बाहेरून वीज द्यायची असं मी ठरवलं. मोबाईलचा चार्जर जोडून पाहिला, तो तापून बसला. वेटोळ्याला ताकद जास्त लागते. शेवटी एका जुन्या कॉम्प्युटरमधला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा होता, तो लावला आणि काम झालं. तारांना कथलाचा डाग देताना, ओढल्याचा श्वास ओळखून आपोआप चालू होणारा भाग मात्र माझ्याकडून जळाला. आता चालू-बंद करायला बटण हवं होतं. दारावरच्या घंटीचं पांढरं बटण माझ्या खणात पडलेलं होतं. तेच लावलं.

खरं सांगायचं तर ते करताना मला मजा आली. आबांसाठी मी पहिल्यांदा काहीतरी केलं होतं आणि ते चालत होतं.

डबा पलंगाखाली ठेवला. नळी सळईला बांधून आबांच्या तोंडाशी आणली. बटणाची वायर लांब ठेवली, कारण आबांचा डावा हात तेव्हा इतका थरथरायचा की त्यांना ते दाबता येत नव्हतं. माय दिवसभर उंबऱ्याशी बसून ज्वारी निवडायची, कापूस वेचायला गेली नाही तर तिथंच असायची. बटण मी तिच्या हातात दिलं.

"आबा म्हणले की दाबायचं. वढून झालं की सोडायचं."

तिनं बटण उलटंपालटं करून पाहिलं. "मी सोडलं की बंद?"

"हो."

"मंग ठीक हाय," ती म्हणाली.

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं. आबा "दे" म्हणायचे, माय दाबायची. नंतर ती जरा थांबून दाबायला लागली. हातातलं सूप खाली ठेवायची, पदर नीट करायची, दारातून रस्त्यावर पाहायची, मग दाबायची. एका रविवारी मी घरी होतो. आबा "दे, दे" म्हणत होते. माय म्हणाली, "लाईट न्हाई."

आबांच्या डोक्यावर पंखा फिरत होता. त्यांनी डोळे वर करून पंख्याकडं पाहिलं, मग मायकडं पाहिलं. माय ज्वारीतले खडे वेचत होती.

"लाईट हाय," आबा कसेबसे म्हणाले.

"न्हाई म्हणते ना."

मी तिथंच खुर्चीवर बसलो होतो. आबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मोबाईलमध्ये डोकं घातलं. पंधरा-वीस मिनिटांनी माय म्हणाली, "आली," आणि बटण दाबलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत म्हणवून घेणं सुरू झालं. मी दुकानातून आलो तेव्हा बाहेरूनच आवाज ऐकला. माय शांत आवाजात म्हणत होती, "म्हणा, चुकलो." आतून नुसता घशातला आवाज आला. "ऐकू आलं न्हाई. म्हणा." मी चप्पल हातात घेऊन बाहेरच उभा राहिलो. तिसऱ्यांदा आबा म्हणाले. डबा गुरगुरला, आंब्याचा वास दारापर्यंत आला.

लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली असतील, पण मायनं आबांना कधी अरे-तुरे केलं नव्हतं. मार खातानाही "अवो, नका ना" म्हणायची. हिवाळा संपता संपता ती "म्हणा"वरून "म्हण"वर आली. "म्हण, मी जनावर हाय." "म्हण, माझ्या बापानं मला जनावर केलं." रोज नवीन काहीतरी असायचं. दाबलं तरी एक झुरका पुरा होऊ द्यायची नाही, मध्येच सोडायची. आबांचे गाल आत ओढलेले असायचे आणि नळीतून नुसती हवा यायची. माय ते बघायची. हसायची नाही. तिचा चेहरा त्या वेळी दळण दळताना असायचा तसा असायचा, कामात गुंतलेला.

माझी बायको मला म्हणाली, "आत्याबाई मुद्दाम करायल्यात. तुमाला दिसत न्हाई का?"

"दिसतंय."

"मंग कावून गप हाव?"

मी दुकानाची किल्ली उचलून बाहेर पडलो. माय बाजाराला गेली तेव्हा बायकोनं स्वतः बटण घेतलं आणि आबांना पोटभर ओढू दिलं. झाल्यावर आबांनी तिला तिच्या बापावरून अशी शिवी दिली की ती बटण टाकून चुलीपाशी जाऊन रडली. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. आबा असे होते. ज्याच्या हातून मिळालं त्याचा त्यांना जास्त राग यायचा.

होळीच्या सुमाराला आबांचा डावा हात सुधारला. भाकरीचा तुकडा उचलून तोंडात घालता येऊ लागला. एका सकाळी माय गोठ्यात होती तेव्हा त्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मी वाकलो. तोंडाला लाळ होती, डोळे ओले होते. त्यांनी प्रत्येक शब्द वेगळा काढला.

"बटण. हिकडं. दे. माझ्या. हातात."

"वायर आणावी लागंल आबा," मी म्हणालो. "दुकानात बघतो."

काही आणायचं नव्हतं. वायर मायच्या जागेपासून सोडवून पलंगाच्या डाव्या दांडीला बांधायची, एवढंच काम होतं. स्क्रूड्रायव्हर माझ्या खिशात होता. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणालो, "वायर आली न्हाई अजून." आठवड्यानं विचारलं, तेव्हा म्हणालो, "ह्या बटणाला जोर लई लागतो, तुमाला दाबायचं न्हाई. नाजूक बटण मागवलंय." असं मी दोन महिने केलं. रोज दुकानात जाताना ते माझ्याकडं पाहायचे आणि रोज संध्याकाळी माझ्या हातांकडं पाहायचे. मला ते आवडत होतं. मुकादम माझ्या हाताकडं बघतोय, हे मला आवडत होतं. दुकानात लोकांची यंत्रं उघडताना मध्येच ते आठवायचं आणि बरं वाटायचं.

उन्हाळ्यात टोळ्या परत आल्या. एका दुपारी घरी जेवायला आलो तर माय आणि एक बाई पुढच्या खोलीत बसल्या होत्या. बाई साठीची असेल, उन्हानं काळी पडलेली, हाताची बोटं वाकडी झालेली. मी तिला ओळखत होतो. आबांच्या टोळीत ती आणि तिचा नवरा बरीच वर्षं होते. मायनं तिला निरोप पाठवून मुद्दाम बोलावलं होतं.

"बस," माय मला म्हणाली. "तू बी आयक. तू तवा हितं शाळंला होता."

आणि तिनं आबांच्या समोर, आबांकडं न पाहता सांगितलं. माय तेव्हा टोळीबरोबर फडावर जायची. त्या वर्षी ही बाई सात महिन्यांची गरोदर होती. फडातच पोटात दुखायला लागलं. माय आबांकडं गेली आणि म्हणाली, ट्रॅक्टर द्या, दवाखान्यात न्यायची हाय. आबा म्हणाले, "आधी गाडी भरू दे." गाडी भरायला संध्याकाळ झाली. तोवर त्या बाईनं उसाच्या पाचटावर पोर टाकलं होतं. मेलेलं. मुलगा होता. मायनं त्याला स्वतःच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि बांधाला पुरलं. ट्रॅक्टर मागायला दुसऱ्यांदा गेली म्हणून त्याच रात्री मायला आबांचा मार बसला. तिसऱ्या दिवशी ही बाई मोळ्या बांधायला फडात उभी होती, आणि त्याआधी तिला सगळ्यांपुढं म्हणावं लागलं होतं, "मालक, खाडा झाला, चुकलं."

बाई खाली मान घालून ऐकत होती, दुसऱ्याच कुणाचं ऐकत असल्यासारखी. आबांनी डोळे मिटले होते.

मायनं बटण तिच्या मांडीवर ठेवलं. "घे. तुझ्या हातात हाय आज."

बाईनं बटण उचललं. त्याचं काय होतं ते मायनं तिला आधी सांगितलेलं असावं. मला वाटलं ती घाबरेल, नको म्हणेल, परत देईल. तिनं ते मुठीत धरलं आणि चहाची कपबशी दुसऱ्या हातात घेतली. मग दोघी बोलायला लागल्या. तिच्या शेळीला दोन करडं झाली होती, त्यांतलं एक लंगडं होतं. सुनेला पोरगी झाली होती. घरकुलाचं छत गळत होतं. मधूनमधून आबा "दे" म्हणायचे, मग "दे ना", मग नुसतं "ए... ए". लकवा झाल्यापासून त्यांचा डावा गाल तेवढा हलायचा, त्यावरून पाणी ओघळत होतं. दोघींपैकी कुणी आवाज चढवला नाही. बायको आतल्या दारापर्यंत आली आणि परत फिरली. मी जेवलो नाही, पण उठलोही नाही.

तास-दीड तासानं बाई उठली. पलंगापाशी जाऊन आबांकडं पाहिलं. आबांनी ओठ नळीला लावले आणि डोळ्यांनी तिची विनवणी केली. मी त्यांना असं कुणाकडं बघताना पाहिलं नव्हतं.

"गाडी भरू द्या, मालक," ती म्हणाली. बटण मायच्या मांडीवर ठेवलं, "येते बाई," म्हणाली आणि उन्हात निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी मागणं बंद केलं.

पहिल्या दिवशी मायच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच बटण दाबलं. "घ्या," म्हणाली. आबा छताकडं पाहत राहिले. "घे म्हणते ना." आबांनी तोंड उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी मी घरात शिरलो तेव्हा जळक्या कापसाचा वास येत होता. माय पलंगावर गुडघा टेकून उभी होती. एका हातानं तिनं बटण दाबून धरलं होतं, दुसऱ्या हातानं आबांचं नाक चिमटीत पकडलं होतं. नळी त्यांच्या ओठांवर दाबली गेली होती.

"वढ! वढ म्हणते ना! म्हण काहीतरी! म्हण!"

आबांचा चेहरा निळा पडत होता, तरी दात घट्ट होते. मी भिंतीवरचा प्लग उपसला आणि मायला मागं ओढलं. ती माझ्या अंगावर धावून आली. तिच्या अंगात इतका जोर असेल हे मला माहीत नव्हतं.

"आता आलास व्हय सोडवायला? तूच करून दिलंस ना हे? तू रोज बघत बसला न्हाईस?"

"बघत बसलो," मी म्हणालो.

ती खाली बसली आणि बराच वेळ धापा टाकत राहिली. आबा आमच्या दोघांकडंही पाहत नव्हते.

त्याच संध्याकाळी मी वायर सोडवली. नवीन कापूस, नवीन वेटोळं घातलं. बटण पलंगाच्या डाव्या दांडीला बांधलं, त्यांच्या बोटांना लागेल असं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. "आबा, हे घ्या. आता कुणाला विचारायचं काम न्हाई." त्यांनी मान वळवून बटणाकडं पाहिलं. डावा हात उचलला, एकेक बोट हलवत गाठ सैल केली आणि बटण दांडीवरून खाली ढकलून दिलं. ते फरशीवर पडून फुटलं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिवी येईल म्हणून मी वाट पाहिली. शिवी आली नाही. त्यानंतर मरेपर्यंत ते माझ्याशी, मायशी, कुणाशीच बोलले नाहीत. पाणी हवं असलं तरी मागायचे नाहीत. दिलं तर प्यायचे.

मायचं वागणं उलटं झालं. ती त्यांना वेळेवर भरवायला लागली, पाठीच्या जखमा धुवायला लागली, दिवसातून दोनदा कूस बदलून द्यायची. ते प्रेमानं होतं असं मला वाटत नाही. त्यांनी बोलावं म्हणून होतं. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ती शेतातलं, गावातलं सांगायची आणि मध्येच थांबून त्यांच्या ओठांकडं पाहायची. एकदा मी तिला म्हणताना ऐकलं, "शिवी तरी द्या की."

आबा दसऱ्याच्या आधी चार दिवस गेले. टोळ्या निघायच्या बेतात होत्या, त्यामुळं माणसं भरपूर जमली. दहाव्याला गावातल्या बायका मायच्या भोवती बसल्या होत्या. वर्षाहून जास्त अंथरुणात असलेल्या माणसाच्या अंगाला शेवटी एक जखम राहिली नव्हती, खोलीला वास नव्हता, याचं सगळ्यांना नवल वाटत होतं.

"लई सेवा केली बाई तुमी," एकजण म्हणाली. "दुसरीनं असं केलं नसतं."

मायनं पदरानं नाक पुसलं. "केली की," ती म्हणाली.

सेवेचं बोलणाऱ्या त्या बाईनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "हो, मायनं लई केलं." आणि बाहेर माणसांना चहा पोचला का ते बघायला गेलो.